फाज शिरल्यावर जिवाणूतला एमआरएनए कोण मोडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पात टी४ फाजने (फाज म्हणजे जिवाणूंना संसर्ग करणारा विषाणू) ई. कोलाय या जिवाणूला संसर्ग केल्यानंतरचा आरएनए-सीक्वेन्सिंगचा डेटा हाती आला आहे. पाच मिनिटांतच यजमान जिवाणूच्या बहुतेक जनुकांचे रीड्स (वाचले गेलेले आरएनएचे तुकडे) कोसळलेले दिसतात. पाठ्यपुस्तकात फाज यजमानाचा डीएनए तोडतो एवढंच दिलेलं असतं. मग एमआरएनए, म्हणजे जनुकावरून उतरवलेला प्रथिन बनवण्याचा संदेश, कोण तोडतं? फाज त्यासाठी स्वतःचं एन्झाइम वापरतो का? त्याच पेशीत फाजचे स्वतःचे संदेश कसे वाचतात? आणि ‘फाज यजमानाचा एमआरएनए नष्ट करतो’ असं प्रबंधात लिहिलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. एवढ्याच डेटावर ते विधान टिकणार नाही. विधान मुळात चूक आहे असं नाही, पण तुमच्या आकड्यांतून ते सिद्ध होत नाही. का, ते पुढे येईलच.

प्रश्नात एक गृहीतक दडलेलं आहे, ते आधी बाजूला काढू. फाजला यजमानाचे संदेश मोडायचे असतात आणि स्वतःचे वाचवायचे असतात, असं आपण धरून चालतो. टी४च्या बाबतीत हिशोब बराचसा उलटा आहे. यजमानाचे संदेश मोडायला तो यजमानाचंच एन्झाइम जुंपतो. स्वतःच्या जनुकसंचात आरएनए कापणारं जे एन्झाइम त्याने बाळगलंय, ते मुख्यतः त्याच्या स्वतःच्याच संदेशांवर चालतं. आपले संदेश वेळच्या वेळी मोडले जाणं ही टी४ची गरज आहे. हे नीट बसलं की बाकीची गुंतागुंत सुटत जाते.

आधी संसर्ग नसलेल्या पेशीत काय चालतं ते पाहू. ई. कोलायमधले बहुतेक एमआरएनए अल्पायुषी असतात, अर्धायुष्य साधारण २ ते ८ मिनिटं. मोडण्याची सुरुवात बहुतेक वेळा आरएनेझ-ई हे एन्झाइम करतं. ते आतल्या पटलाला चिकटून असतं आणि एमआरएनएला मधेच, एकेरी व ए-यू ही अक्षरं जास्त असलेल्या जागी छेद देतं. या एन्झाइमचा पुढचा अर्धा भाग कापण्याचं काम करतो. मागचा अर्धा भाग म्हणजे नुसता सांगाडा, त्यावर पीएनपेझ, आरएचएल-बी हे आरएनएच्या गाठी सोडवणारं हेलिकेझ आणि चक्क ग्लायकोलिसिसमधलं (साखर मोडण्याच्या क्रियेतलं) इनोलेझ येऊन बसतात. या सगळ्या जथ्याला डिग्रॅडोसोम म्हणतात. आरएनेझ-ईने पाडलेले तुकडे मग पीएनपेझ, आरएनेझ-टू, आरएनेझ-आर ही मंडळी ३′ टोकाकडून (आरएनएच्या शेवटाकडून) कुरतडत संपवतात. ५′ टोकाकडून (सुरुवातीकडून) कुरतडत जाणारं एन्झाइम ई. कोलायकडे नाहीच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणखी एक बारकावा इथेच सांगून ठेवते. ताज्या एमआरएनएच्या ५′ टोकाला तीन फॉस्फेट असतात. आरएनेझ-ईला ५′ टोकाशी एकच फॉस्फेट असलेला आरएनए जास्त मानवतो, कारण ते एक फॉस्फेट धरण्यासाठी त्याच्यात खास खोबण आहे. आरपीपी-एच नावाचं एन्झाइम तीनांतले दोन फॉस्फेट काढून टाकतं आणि मग आरएनेझ-ईचं काम सुकर होतं. सगळेच संदेश या वाटेने जातात असं नाही, काहींवर ते टोकाची पर्वा न करता थेट आत छेद देतं. पण ५′ टोकाला नेमकं काय लागलेलं आहे यावर संदेशाचं आयुष्य ठरू शकतं, आणि टी४ने नेमका याचाच फायदा उठवलाय.

जाता जाता एक आठवण करून देते. एमआरएनए ही चीज आहे हेच मुळी फाजच्या संसर्गातून कळलं, आणि तेही तो लवकर मोडतो म्हणून. १९५६ मध्ये ओक रिज इथे व्होल्किन आणि अ‍ॅस्ट्राकन यांनी टी२ फाजचा संसर्ग झालेल्या ई. कोलायला किरणोत्सारी फॉस्फरस दिला. संसर्गानंतर थोडासाच, पण सतत बनणारा आणि मोडणारा आरएनए त्यांना दिसला. त्याची बेसची घडण यजमानाच्या डीएनएशी नव्हे तर फाजच्या डीएनएशी जुळत होती. त्याचा अर्थ पुढे १९६१ मध्ये ब्रेनर, जेकब आणि मेसेल्सन यांच्या प्रयोगाने लागला. त्यांनी यजमानाचे रायबोसोम (प्रथिनं बनवणारी यंत्रं) जड समस्थानिकांनी आधीच खुणा करून ठेवले आणि मग टी४चा संसर्ग केला. फाज नवे रायबोसोम बनवत नाही आणि त्याचा नवा आरएनए जुन्याच रायबोसोमवर जाऊन बसतो, हे त्यांनी दाखवलं. त्याच अंकात ग्रो आणि वॉटसन यांच्या गटाने संसर्ग नसलेल्या पेशीतही असाच अल्पायुषी आरएनए असल्याचं दाखवलं. ‘जुन्याच रायबोसोमवर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. संसर्गात आरआरएनए (रायबोसोमचा स्वतःचा आरएनए) मोडला जात नाही, रायबोसोम जसेच्या तसे फाजच्या कामाला लागतात. म्हणून एकूण आरएनए जेलवर चालवला तर संसर्गानंतरही आरआरएनएचे दोन पट्टे ठणठणीत दिसतात. ते पाहून ‘आरएनए तर काही मोडला नाही’ असा निष्कर्ष काढणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

आता टी४ आत शिरल्यावर काय होतं ते बघू. ३७ अंशांवर पंचवीस-तीस मिनिटांत पेशी फुटते, म्हणजे सगळा खेळ तेवढ्यातच. डीएनएसोबतच अल्ट नावाचं प्रथिन आत टोचलं जातं आणि ते यजमानाच्या आरएनए पॉलिमरेझवर (डीएनएवरून आरएनए लिहिणारं एन्झाइम) एडीपी-रायबोज हा रासायनिक गट चिकटवतं. थोड्या वेळात एल्क हे प्रथिन बनतं. साधा सायटोसिन असलेल्या डीएनएवर पॉलिमरेझ लिहीत असेल, तर एल्क ते लिखाण मधेच थांबवतं. टी४च्या स्वतःच्या डीएनएत सायटोसिनच्या जागी हायड्रॉक्सिमिथाइल सायटोसिन असतं, त्यामुळे त्याला झळ लागत नाही. पाठोपाठ यजमानाचा डीएनएही तोडला जातो. सारांश, काही मिनिटांत यजमानाचे नवे संदेश निघणं बंद होतं.

नवे संदेश निघायचे बंद झाले आणि जुने नेहमीच्याच वेगाने मोडत राहिले, तरी रीड्स कोसळणारच. ३ मिनिटं अर्धायुष्य असलेला संदेश १५ मिनिटांनी बत्तिसाव्या हिश्श्यावर येतो, आणि त्यासाठी फाजने मोडण्याच्या यंत्रणेला बोटही लावायची गरज नाही. तुमच्या आलेखातली बहुतांश घसरण अशा साध्या कारणानेही येऊ शकते. म्हणून म्हटलं, त्यावरून ‘नष्ट करतो’ म्हणता येत नाही.

पण सगळेच संदेश असे झटपट जाणारे नसतात. एलपीपी आणि ओएमपी-ए ही जनुकं बाह्यपटलातली प्रथिनं बनवतात, पेशीला ती भरपूर लागतात आणि त्यांचे संदेश चिवट असतात. भराभर वाढणाऱ्या पेशीत ओएमपी-ए संदेशाचं अर्धायुष्य पंधरा मिनिटांच्या आसपास जातं, कारण ५′ टोकापाशी आरएनएची एक घट्ट गाठ असते. असा संदेश नुसता आपोआप मोडण्यावर सोडला, तर फाजचा निम्म्याहून जास्त वेळ सरला तरी निम्मा शिल्लकच. पहिलं वऱ्हाड हॉल सोडेना तर दुसऱ्याचं लग्न कुठे लागणार? तशीच रायबोसोमची अडवणूक होते.

इथे टी४ खरोखर हस्तक्षेप करतो. ओसाका विद्यापीठातल्या योनेसाकी यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की संसर्गानंतर एलपीपी आणि ओएमपी-ए यांचे संदेश एरवीपेक्षा फार लवकर मोडतात. हे नुसतं लिखाण थांबण्याचं फळ नव्हतं, मोडण्याचा वेगच वाढला होता, आणि त्यामागे यजमानाचं आरएनेझ-ई होतं. २०१५ मध्ये त्याच गटाने हे घडवणारं टी४चं एक प्रथिन शोधलं, एसआरडी. ते स्वतः आरएनए कापत नाही. आरएनेझ-ईच्या पुढच्या, कापणाऱ्या अर्ध्या भागाशी ते जोडलं जातं आणि त्याचा वेग वाढवतं. संसर्ग नसलेल्या पेशीत नुसतं एसआरडी बनवलं तरी हे दोन्ही संदेश लवकर मोडू लागतात. आरएनेझ-ई निकामी असलेल्या पेशीत मात्र एसआरडीचा काही प्रभाव दिसत नाही. एसआरडी नसलेला टी४ घातला तर यजमानाचे संदेश थोडे जास्त टिकतात आणि फाजची वाढ मंदावते. लक्षात घ्या, मोडणं मंदावतं पण थांबत नाही. म्हणजे एसआरडी हे एकमेव कारण नाही.

फाजला यातून नेमकं काय मिळतं, यावर वर्गात हमखास एक उत्तर येतं: न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनए बनवायला कच्चा माल. मला ते फारसं पटत नाही. पेशीतल्या एकूण आरएनएत एमआरएनएचा वाटा शेकडा पाचाच्या आतबाहेर असतो, बाकी सगळा आरआरएनए आणि टीआरएनए (अमिनो आम्लं आणून देणारा आरएनए). त्या चिमूटभर मालावर शेकडो फाजांचा डीएनए उभा राहत नाही. यजमानाच्या डीएनएचे तुकडे आणि फाजने नव्याने चालवलेली न्यूक्लिओटाइडची बनावट हेच मोठे स्रोत आहेत. संदेश मोडण्यातला खरा लाभ रायबोसोम मोकळे होण्यात आहे.

आता यातला सगळ्यात सुंदर भाग. मी मुद्दाम इथे रेंगाळणार आहे.

टी४ची जनुकं टप्प्याटप्प्याने चालतात: आधीची, मधली, उशिराची. आधीची जनुकं पेशीचा ताबा घेतात, मधली डीएनए वाढवण्याचं काम करतात, उशिराची डोकं-शेपूट बनवतात. एक टप्पा संपल्यावर त्याचे संदेश रायबोसोमवर लटकत राहिले, तर पुढच्या टप्प्याची अडचण होते. आधीच्या टप्प्याचे संदेश हटवायला टी४कडे रेग-बी नावाचं छोटंसं एन्झाइम आहे, अवघ्या १५३ अमिनो आम्लांचं. हे स्वतः आधीच्या जनुकांपैकीच एक. पॅरिसमधल्या मार्क उझान आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याची कामगिरी पहिल्यांदा मांडली.

रेग-बी कापतं कुठे? जीजीएजी या चार अक्षरांच्या बरोबर मधोमध, म्हणजे जीजी आणि एजीच्या सांध्यावर. ही चार अक्षरं कुठलीही नाहीत. जिवाणूत रायबोसोम ज्या जागी संदेशाला पकडतो, त्या शाइन-डालगार्नो क्रमाचा हा गाभा. एकच छेद, पण तो पडल्यावर त्या संदेशावर नवा रायबोसोम नीट बसूच शकत नाही. बाकीचा आरएनए अजून शाबूत असतो, पण तो निरुपयोगी होतो. रेग-बीला या कामात रायबोसोममधलंच एस१ हे प्रथिन मदत करतं. एस१ सोबत असताना त्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो. त्याची रचना सोडवल्यावर कळलं की ते रेल-ई, योई-बी या जिवाणूंच्या विष-प्रथिनांच्या गोतावळ्यातलं आहे, आणि तीही प्रथिनं रायबोसोमच्या आसपासच एमआरएनए तोडतात. आता कुणी म्हणेल, जीजीएजी तर मधल्या आणि उशिराच्या संदेशांतही सापडेल, मग ते कसे वाचतात? नुसती चार अक्षरं पुरेशी नसतात, आजूबाजूची घडणही जुळावी लागते. रेग-बी नसलेल्या टी४मध्ये आधीचे संदेश जास्त काळ टिकतात, पण मधल्या आणि उशिराच्या संदेशांच्या आयुष्यात फरक पडत नाही.

छेद पडला, पण तुकड्यांचं पुढे काय? रेग-बीच्या छेदानंतर उरलेल्या तुकड्याच्या ५′ टोकाला फॉस्फेट नसतो, नुसता हायड्रॉक्सिल गट असतो. वर सांगितलेली गोष्ट आठवा: आरएनेझ-ईला ५′ टोकाशी एक फॉस्फेट असलेला आरएनए जास्त मानवतो आणि ५′ कडून कुरतडणारं एन्झाइम तर ई. कोलायकडे नाहीच. म्हणजे हा तुकडा मधेच अडकायला हवा. इथे टी४चं पॉलिन्यूक्लिओटाइड कायनेझ येतं. हो, तेच पीएनके, जे आपण फ्रीजमधून काढून प्रोबच्या (ठरावीक आरएनए शोधायला वापरलेल्या तुकड्याच्या) टोकाला किरणोत्सारी फॉस्फेट लावायला वापरतो. १९६५ पासून ते प्रयोगशाळांत वापरात आहे. पण पेशीच्या आत, नेहमीच्या संसर्गात, फाजला त्याचा काय उपयोग हे बराच काळ धड कळलं नव्हतं. ठाऊक होता तो उपयोग एका खास परिस्थितीतला. काही ई. कोलाय जाती फाज आल्यावर स्वतःचा लायसिन टीआरएनए तोडून प्रथिन बनवणंच बंद पाडतात. टी४चं पीएनके आणि त्याचं आरएनए लायगेझ मिळून तो टीआरएनए परत जोडतात. पण प्रयोगशाळेतल्या बहुतेक जातींत हा बचाव नसतोच.

२०१२ मध्ये उझान यांच्याच गटाने दाखवलं की रेग-बीने उघडं पाडलेलं हायड्रॉक्सिल टोक पीएनके फॉस्फेट लावून बंद करतं. मग यजमानाचं आरएनेझ-जी आणि आरएनेझ-ई ते टोक पकडून आत छेद देतात आणि संदेश ५′ कडून मोडत जातो. आरएनेझ-जी हे आरएनेझ-ईचंच धाकटं भावंड, एरवी दुय्यम. ही वाट संसर्गानंतर साधारण पाच मिनिटांनी चालू होते, कारण तोवर पुरेसं पीएनके बनलेलं नसतं. एका संदेशाला मारायला फाजचं एक एन्झाइम छेद देतं, फाजचंच दुसरं टोक तयार करतं आणि मग यजमानाची दोन एन्झाइमं काम उरकतात. ५′ कडून कुरतडणारं एन्झाइम नसलेल्या पेशीत ५′ ते ३′ अशा दिशेने मोडतोड कशी होते, याचा याहून नीटस नमुना माझ्या पाहण्यात नाही.

आता तुमचा उरलेला प्रश्न, फाजचे मधले आणि उशिराचे संदेश कसे वाचतात. टी४चा डीएनए ए-टीने भरलेला, साधारण ६५ टक्के. म्हणजे त्याचे संदेश ए-यूने भरलेले, आणि तेच आरएनेझ-ईचं आवडतं खाद्य. ते मोडतातच. पण लिखाण इतक्या जोरात चालू असतं की साठा भरलेला राहतो. ‘फाजचा एमआरएनए टिकाऊ असतो’ हे वाक्य टी४बद्दल सरसकट लिहू नका.

एका ठिकाणी मात्र टी४ला खरंखुरं संरक्षण लागतं, आणि तिथे जिवाणू बचाव करत असतो. ई. कोलायच्या के-१२ जातीत आरएनएल-ए आणि आरएनएल-बी अशी जोडी आहे: पहिलं विष, दुसरं उतारा. आरएनएल-ए आरएनए तोडतं, आरएनएल-बी त्याला धरून गप्प ठेवतं. पण उतारा नाजूक असतो. पेशीतली प्रोटिएझ (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) त्याला सतत मोडत असतात, म्हणून तो सतत नव्याने बनवावा लागतो. फाजने यजमानाचं लिखाण बंद केलं की उतारा संपतो, विष उरतं, आणि ते फाजच्या मधल्या व उशिराच्या संदेशांवर तुटून पडतं. फाजची पहिली चालच त्याच्यावर उलटते. टी४ने यावर डीएमडी हे प्रथिन ठेवलंय. ते सरळ आरएनएल-एला जाऊन चिकटतं, म्हणजे यजमानाच्या उताऱ्याची जागा स्वतः घेतं. डीएमडी बिघडलेला टी४ के-१२मध्ये वाढू शकत नाही. आधीची प्रथिनं बनतात, मग प्रथिन बनणं ओसरत जातं. योनेसाकी यांच्या गटाला हे जनुक १९९६ मध्ये अशाच एका उत्परिवर्तनातून सापडलं होतं. विष-उताऱ्याची जोडी हे त्यामागचं कारण कळायला पुढची पंधरा वर्षं गेली. ई. कोलायच्या ओ१५७:एच७ जातीच्या एका प्लाझ्मिडवर (मुख्य डीएनएपासून सुटं असलेलं डीएनएचं कडं) एलएसओ-ए हे असंच विष आहे, डीएमडी त्यालाही पुरून उरतं.

हे सगळं टी४चं झालं. ‘फाज असं करतो’ असं लिहिताना कोणता फाज हे सांगितलंच पाहिजे, कारण टी७ हा दुसरा फाज नेमकं उलट करतो. टी७ची उशिराची जनुकं त्याचं स्वतःचं आरएनए पॉलिमरेझ लिहितं, आणि ते यजमानाच्या पॉलिमरेझपेक्षा कित्येक पटींनी वेगवान आहे. रायबोसोम मागे पडतात, मधला आरएनए उघडा राहतो आणि आरएनेझ-ईचं फावतं. टी७चं ०.७ या जनुकाचं प्रथिन कायनेझ आहे. ते आरएनेझ-ईच्या मागच्या, सांगाड्याच्या भागावर आणि आरएचएल-बीवर फॉस्फेट लावतं. २००१ मध्ये दाखवलं गेलं की त्यामुळे टी७ पॉलिमरेझने लिहिलेले संदेश जास्त टिकतात. तुमच्या विभागात कुणी ई. कोलायच्या बीएल२१ स्टार जातीत प्रथिन बनवत असेल तर तिचा जीनोटाइप बघा. तिच्यात आरएनेझ-ईचा तोच मागचा भाग कापून टाकलेला आहे. टी७ पॉलिमरेझच्या संदेशांची जी अडचण टी७ने फॉस्फेट लावून सोडवली, तीच कंपनीने जनुक तोडून सोडवली.

टी७चा आधीच्या जनुकांचा संदेश एकच लांबलचक निघतो. यजमानाचं आरएनेझ-थ्री त्याला ठरलेल्या जागी कापून पाच वेगळे संदेश करतं, आणि छेदानंतर उरलेली ३′ टोकाची गाठ कुरतडणाऱ्या एन्झाइमांना अडवते. म्हणजे प्रत्येक छेद हा विनाशाचा नसतो.

लॅम्डा या फाजमध्ये मात्र हेच आरएनेझ-थ्री उलटं वागतं. इंटिग्रेझचा (फाजचा डीएनए यजमानाच्या डीएनएत घुसवणाऱ्या एन्झाइमचा) संदेश एका प्रमोटरवरून (लिखाण सुरू होण्याच्या जागेवरून) निघाला तर वेळेत थांबतो आणि टिकतो. दुसऱ्या प्रमोटरवरून निघाला तर पुढे सिब नावाच्या जागेपर्यंत वाढतो. तिथे बनणारी गाठ आरएनेझ-थ्री कापतं आणि उघड्या ३′ टोकाकडून संदेश कुरतडला जातो. जनुक तेच, एन्झाइम तेच, निकाल वेगळा.

स्यूडोमोनास या जिवाणूच्या फाय-केझेड या राक्षसी फाजकडे डिप नावाचं प्रथिन आहे. ते आरएनेझ-ईची आरएनए धरण्याची जागाच झाकून टाकतं. समुद्रातल्या प्रोक्लोरोकॉकस या सायनोजिवाणूत फाजच्या संसर्गात यजमानाच्या आरएनेझ-ईचं जनुक वर जातं, आणि काही संदेशांना उलट्या दिशेचा लांब आरएनए जोडीला बसून दुहेरी करतो, त्यामुळे ते वाचतात. एक फाज आरएनेझ-ईचा वेग वाढवतो, दुसरा त्याचा सांगाडा फॉस्फेटने बदलतो, तिसरा त्याचं तोंड बांधतो.

आता तुमच्या डेटाकडे येते.

पहिली गोष्ट, संसर्गाचं प्रमाण. पेशीमागे सरासरी एक फाज घातला असेल तर सुमारे ३७ टक्के पेशींना फाज लागलेलाच नसतो, आणि त्यांचा यजमान एमआरएनए तुमच्या नमुन्यात सुखाने मिसळलेला असतो. सरासरी पाच घातले तर तो आकडा एक टक्क्याच्या खाली येतो. संसर्गानंतर जगलेल्या पेशी मोजल्या आहेत का, ते आधी तपासा.

दुसरी, सामान्यीकरण. दर दहा लाख रीड्समागे किती, या मापात फाजचे रीड्स वाढले की यजमानाचे आपोआप घटलेले दिसतात, प्रत्यक्षात घटले नसले तरी. माहीत असलेला परका आरएनए ठरावीक प्रमाणात आधीच मिसळला नसेल, तर या डेटातून निरपेक्ष घसरण काढता येणार नाही. हे मिश्रण आरएनए काढण्याच्या आधी, पेशींच्या संख्येला धरून करायचं असतं. आरआरएनएला मोजपट्टी धरून नॉर्दर्न किंवा क्यूपीसीआर (ठरावीक आरएनए मोजण्याच्या पद्धती) केला तरी थोडीफार दुरुस्ती होते, कारण आरआरएनए स्थिर राहतो.

तिसरी आणि मुख्य: मोडण्याचा वेग मोजायचा तर लिखाण थांबवूनच मोजावा लागतो. सोय अशी की टी४ शेवटपर्यंत यजमानाचंच पॉलिमरेझ वापरतो, त्यामुळे रिफॅम्पिसिन (जिवाणूचं पॉलिमरेझ अडवणारं प्रतिजैविक) संसर्गित पेशीतही चालतं. टी७मध्ये ते जमणार नाही, त्याचं पॉलिमरेझ रिफॅम्पिसिनला दाद देत नाही. एक फ्लास्क संसर्गाविना, एक संसर्गासह, दोन्हींत एकाच क्षणी रिफॅम्पिसिन, आणि मग दर मिनिट-दोन मिनिटांनी नमुना थेट फिनॉल मिसळलेल्या थंडगार इथेनॉलमध्ये. नमुना बर्फावर ठेवून ‘नंतर बघू’ म्हटलंत तर तेवढ्यात दोन अर्धायुष्यं निघून जातात. पहिल्या मिनिटभरात घसरण दिसली नाही तर घाबरू नका. रिफॅम्पिसिन नवी सुरुवात अडवतं, आधीच निघालेली पॉलिमरेझं आपलं लिखाण पूर्ण करतात, म्हणून लांब ऑपेरॉनच्या (एकत्र लिहिल्या जाणाऱ्या जनुकांच्या रांगेच्या) शेपटाकडचे संदेश थोडा वेळ वाढतही राहतात.

रेग-बीचे छेद शोधायचे असतील तर सध्याची लायब्ररी (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेला तुकड्यांचा संच) उपयोगाची नाही. आरएनएचे तुकडे करून बनवलेल्या लायब्ररीत मूळ टोकं हरवतात. टोकांना अ‍ॅडॅप्टर (ओळखीचा छोटा तुकडा) जोडणारी पद्धत लागेल, आणि तिलाही हायड्रॉक्सिल टोक दिसत नाही, ५′ फॉस्फेट असेल तरच जोड बसतो. म्हणून नळीत पीएनके घालून आणि न घालता अशा दोन लायब्ररी करून तुलना करतात. पण पाच मिनिटांनंतरच्या नमुन्यात पेशीतल्या पीएनकेने ती टोकं आधीच फॉस्फेट लावून ठेवलेली असतात, मग फरक दिसत नाही. यावर उपाय म्हणजे पीएनकेचं जनुक, पीएसई-टी, बिघडलेला टी४ वापरणं, किंवा निदान अगदी सुरुवातीचे नमुने घेणं.

प्रबंधाच्या वाक्याबद्दल. आत्ताच्या डेटावर ‘संसर्गानंतर यजमानाच्या संदेशांचं सापेक्ष प्रमाण घटलं’ एवढंच लिहा. एलपीपी आणि ओएमपी-ए या दोनच संदेशांसाठी रिफॅम्पिसिनचा प्रयोग आणि नॉर्दर्न जमवता आला, तर त्या दोघांपुरतं ‘मोडण्याचा वेग वाढला’ असं लिहिता येईल. त्यात आरएनेझ-ईचा तापमानाला संवेदनशील उत्परिवर्ती घेऊन तुलना केलीत तर एन्झाइमचं नावही घालता येईल. तो उत्परिवर्ती ४२ अंशांच्या आसपास निकामी होतो, म्हणून तुलनेची साधी जातही त्याच तापमानावर चालवा. त्या तापमानात टी४चं वेळापत्रकही सरकतं, तेव्हा ३७ अंशांवरची मिनिटं तिथे धरू नका.